आधी टायर, मग उंची

गॅरेजमध्ये कुणी ‘दोन इंच उचलून द्या’ म्हणत आलं की मी आधी गाडी सपाट फरशीवर उभी करतो आणि मालकाला माझ्याबरोबर खाली वाकायला लावतो. जिम्नी असो, थार असो, गुरखा असो की जुनी मेजर, मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक्सलवर लोखंडाचा गोल फुगवटा दिसतो. तो डिफरन्शियल. खडकाळ वाटेवर दगड बहुधा पहिल्यांदा तिथेच लागतो. या सगळ्या गाड्यांचा मागचा एक्सल एकसंध असतो आणि तो स्प्रिंगच्या खाली, थेट चाकांना धरून असतो. त्यामुळे स्प्रिंग बदलून गाडी चार इंच वर घेतली तरी तो फुगवटा जमिनीपासून होता तितक्याच अंतरावर राहतो. त्याला वर न्यायचा मार्ग एकच, मोठा टायर.

लिफ्टने वर जाते ती चॅसी, बंपर, दरवाज्याखालचा पत्रा. वाटेतल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकत असेल किंवा चढाला लागताना बंपर घासत असेल, तर तिचा उपयोग होतो. पण माझ्या मते तिचं मुख्य काम मडगार्डच्या आत मोठ्या टायरला जागा करून देण्याचं आहे. म्हणून आधी ठरवायचं की गाडी कुठल्या वाटेवर जाणार, मग त्या वाटेचा टायर, मग तो टायर बसण्यापुरती उंची. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच्या उलट येतात. लिफ्ट किट मागवून झालेलं असतं आणि टायरचं पुढच्या दिवाळीला बघू म्हणतात.

टायरवर छापलेल्या आकड्यांतच अर्धा हिशेब असतो. पाच दारांच्या जिम्नीला कंपनीचा टायर येतो १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६, रिम १५ इंची म्हणजे ३८१. दोन्ही बाजू आणि रिम मिळून व्यास ६९३ मिलिमीटर. हौशी मंडळी तिला २३५/७५ आर १५ घालतात, त्याचा व्यास ७३३ च्या आसपास. व्यास ४० मिलिमीटरने वाढला, पण डिफरन्शियल त्याच्या निम्माच, म्हणजे २० मिलिमीटर वर गेला. ऐकायला किरकोळ वाटलं तरी खडकावर एवढ्यानेही वाचायला होतं. त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. चाक जवळपास सहा टक्क्यांनी मोठं झाल्यावर मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेत्रेसष्टने पळत असते. घाट चढताना एक गिअर खाली यावं लागतं. चाक जड झालेलं असतं, ते थांबवायला ब्रेक मात्र तेवढेच. याउलट २१५/७५ आर १५ घातला तर खाली जेमतेम पाच मिलिमीटर मिळतात, पण लिफ्ट लागत नाही आणि दणकट बाजूचा, खोल नक्षीचा टायर घेता येतो. इथल्या बऱ्याच जिम्नीवाल्यांना मी तिथेच थांबायला सांगतो.

नक्षी कुठली घ्यायची हे जमीन ठरवते, आणि आपल्याकडे चार तासांत जमीन तीनदा बदलते. घाटमाथ्यावर काळा बेसाल्ट आणि त्यावर मुरूम. मुरूम भिजला तरी त्याच्याखाली बहुधा टणक तळ असतो. तिथे चांगला ऑल टेरेन टायर पुरून उरतो. कोकणात उतरलात की जांभा. हा दगड सच्छिद्र, आणि फुटला की त्याच्या कडा धारदार होतात. जांभ्यावर नक्षी झिजत नाही इतक्या लवकर टायरची बाजू चिरते, आणि चिरलेली बाजू कुठलाही पंक्चरवाला जोडून देऊ शकत नाही. म्हणून कोकणात जाणाऱ्याने नक्षीआधी बाजूला किती पदर आहेत ते वाचावं. देशावरची काळी माती हे तिसरंच प्रकरण. पाणी पिऊन ती फुगते, चिकट होते आणि नक्षीच्या सगळ्या खाचा भरून टाकते. मग टायर गुळगुळीत. मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यातली फट रुंद असते ती याचसाठी, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. पण भर पावसात काळ्या रानाला तळच सापडत नाही. तिथे कुठलाही टायर घालून जाऊ नका, शिवाय ते कुणाचं तरी पिकाचं रान असतं.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. दुसऱ्या महायुद्धातली जीप ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरवर जगभरच्या चिखलातून गेली. आपल्या डोंगराळ भागात माणसं आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या जुन्या जीपही अशाच अरुंद टायरवर चालत आल्या आहेत. खाली मुरूम किंवा खडक असेल तर अरुंद टायर वरचा राडा कापत तळाला जाऊन टेकतो. रुंद टायर त्या राड्यावरच तरंगतो आणि घसरतो. वाळूत उलट असतं, तिथे तरंगायलाच हवं. पण कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी मी कुणालाही टायर निवडून देत नाही. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि वेळाससारख्या किनाऱ्यावर वाळूखाली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. कासच्या पठारासारख्या सड्यांचंही तेच. जांभ्यावर जेमतेम चार बोटं माती असते आणि मड टेरेनचा एक ओरखडा तिथली फुलं कायमची घालवू शकतो.

मड टेरेनबद्दल आणखी एक, कारण तो दिसायला रुबाबदार असल्याने जास्त खपतो. त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असतात. त्यामुळे ओल्या डांबरावर त्याचा जमिनीशी संबंध कमी येतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. पावसाळी वाटेला जायचं म्हणजे आधी ताम्हिणी किंवा वरंधा घाटाचं ओलं डांबर उतरायचं, आणि अंधारात तोच घाट चढून परत यायचं. तुमच्या गाडीच्या दहा किलोमीटरांपैकी नऊ डांबरावर होत असतील, तर टायर त्या नऊ किलोमीटरांसाठी निवडा. टायर घेताना बाजूवरचे चार आकडेही बघा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि पाचवा, म्हणजे स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर व्हील जोडलेलं असताना एक चाक लहान असेल तर सगळा ताण ट्रान्सफर केसच्या गिअरांवर येतो.

हे सगळं विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहा. कच्ची वाट सुरू झाली की टायरमधली हवा कमी करा. तिशीच्या घरात असलेला दाब १८-२० पीएसआयवर आणला की टायर जमिनीवर लांबवर पसरतो, दगडाला वळसा घालून धरतो आणि बसणारे धक्केही मऊ होतात. कंपनीच्या साध्या टायरची गाडी अशी हवा उतरवून वर जाते आणि महागडे मड टेरेन घातलेली पूर्ण हवेवर खाली फिरत राहते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फक्त डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो.

आता उंची. जुन्या मेजरला, जिप्सीला पाटे असतात, आणि गावोगावचा उपाय म्हणजे एक पाटा वाढवणे. गाडी उठते, पण कडक होते. खड्ड्यात चाक खाली उतरायला हवं ते हवेत लटकत राहतं आणि लटकलेलं चाक गाडी ओढत नाही. पाटा वाढवण्यापेक्षा नव्या कमानीचा पूर्ण संच आणि त्याला साजेसे लांब शॉकअप घ्यावेत. जिम्नीला दोन्हीकडे एकसंध एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ती उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूला सरकतो, पुढचा एक्सल किंचित फिरून कॅस्टर कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग भरकटायला लागतं. दोन इंचांच्या चांगल्या किटमध्ये यावरचे बुश किंवा नवे आर्म येतात, लांब ब्रेक होज येतात. नुसत्या चार स्प्रिंग येत असतील तर ते किट अपुरं समजा. २०२० नंतरच्या थारची पुढची चाकं स्वतंत्र आहेत. तिथे शॉकअपच्या माथ्यावर एक इंचाची चकती घातली की चाकापाशी एक इंचाहून जास्त फरक पडतो, कारण स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसवलेली आहे. मग हाफ शाफ्टचे जॉइंट सतत तिरक्या कोनात फिरतात, त्यांचं रबर फाटतं, ग्रीस जातं आणि चिखल आत शिरतो. मी स्वतः चकत्या घालत नाही.

स्प्रिंग नेहमी वजनावर निवडायची. लोखंडी बंपर, विंच, वरचा कॅरिअर मिळून शंभरेक किलो सहज होतात. हे वजन असेल तर जाड स्प्रिंग हवी. नसेल आणि तरी जाड घातली तर रिकामी गाडी उड्या मारते आणि मागे बसलेल्या आईवडिलांची पाठ धरते.

माझी खरी काळजी वळणाची आहे. वळणावर गाडी किती लवकर उलटेल हे दोन चाकांमधलं अंतर आणि वजनाचा मध्य किती उंच, यांच्या प्रमाणावर ठरतं. जिम्नीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १३९५ मिलिमीटर, म्हणजे मुळातच कमी. तिला ५० मिलिमीटर उचललं की अंतर तेच राहतं आणि जवळजवळ सगळं वजन वर जातं. त्यात टपावर तंबू आणि सामान चढवलं तर घाटातल्या वळणावर अचानक स्टेअरिंग मारायची वेळ आली की गाडी सावरायला वाव उरत नाही. २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या गाड्यांचे फोटो दाखवून लोक तशीच उंची मागतात. त्या गाड्या त्या एका कामासाठी बांधलेल्या असतात, आत लोखंडी पिंजरा असतो, चालक हेल्मेट घालून बसतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचं माप तिथून घेऊ नये.

कायद्याचंही मी आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी ठरेल असे फेरफार करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे मांडलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो तो वेगळाच. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांत बसणारा दणकट टायर आणि चांगले शॉकअप, एवढ्यावर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा होतात.

त्यापुढचं काम केलेली गाडी मी लगेच ताब्यात देत नाही. एक चाक ठोकळ्यावर चढवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवतो, टायर कुठे घासतो ते खडूने खूण करून बघतो, ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते हाताने चाचपतो, मग अलाइनमेंट. पहिले ५०० किलोमीटर डांबरावरच चालवायला सांगतो, तेही घरची माणसं आणि सामान भरून, म्हणजे गाडीची नवी सवय रिकाम्या नाही तर भरल्या वजनावर लागेल. तोवर स्प्रिंग बसतात, बुश जागेवर येतात आणि यू-बोल्ट थोडे सैलावतात. ते आवळायला गाडी परत आणावीच लागते. त्या आवळणीचे मी पैसे घेत नाही, आणि कुणी आलं नाही तर स्वतः फोन करतो.