पालीहून कोर्लईच्या नाताळला

डिसेंबर सरत आला होता. सकाळी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं आणि देवळातल्या त्या मोठ्या घंटेपाशी थोडा वेळ रेंगाळलो. ही घंटा युरोपात ओतलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या बऱ्याच घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि मग त्या ठिकठिकाणच्या देवांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर, वाईजवळचं मेणवली आणि आमची पाली. पालीला येणारा प्रत्येक भाविक ही घंटा बघतो. पण ज्या माणसांच्या जगातून ती आली, त्यांचं पुढे काय झालं? त्याचं उत्तर याच रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठी नांदतं आहे. तिकडेच निघालो होतो.

वाकणला महामार्ग लागला. वडखळ नाक्यावरून वळून पोयनाड, अलिबाग मागे टाकलं. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रेवदंड्यात शिरलो, तेव्हा दुपार कलली होती. इथे पोर्तुगीजांचं नांदतं शहर होतं. कोटाच्या भिंती आता वाड्यांमधून धावतात आणि पडक्या चर्चचा सातखणी मनोरा माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. पुढे कुंडलिकेची खाडी, तिच्यावरचा साळावचा पूल आणि पलीकडे समुद्रात घुसलेली कोर्लईची डोंगरसोंड. तिच्यावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, सत्ताधारी गोव्याला निघून गेले. मागे राहिली ती साधी कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबं. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी संसार मांडला, शेती धरली आणि आपला धर्म व भाषा दोन्ही जपलं.

ती भाषा गावात पाऊल टाकताच कानावर आली. दारातल्या दोघी बायका एकमेकींशी बोलत होत्या. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. गावकरी तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास. माझ्याकडे वळून त्यांतल्या एक काकू चटकन मराठीत म्हणाल्या, “या, बसा. आज रात्री मिस्सा आहे, थांबणार ना?”

ओटीवर कुलकुल वळण्याचं काम चाललं होतं. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून मळलेला गोळा. त्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने अलगद गुंडाळायची, की शिंपल्यासारखी रेघांची वळी होते. दहा-बारा वर्षांची एक मुलगी हे इतक्या झरझर करत होती, की परात बघता बघता भरली. शेजारी कढईत पहिला घाणा फुगत होता. “हे शेजाऱ्यांकडे जायचं,” काकू म्हणाल्या. “दिवाळीला त्यांचं ताट आमच्याकडे येतं, नाताळला आमचं त्यांच्याकडे.”

अंगणात मुलांनी येशूजन्माची गव्हाणी मांडली होती. भाताचा पेंढा, मातीचे मेंढपाळ आणि पुढ्यात वाट्यांमधून उगवलेलं नाचणीचं हिरवंगार रोप. नाताळआधीच्या आगमनकाळात दाणे पेरायचे, म्हणजे नाताळपर्यंत ते तरारून येतात. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो, ते आठवल्यावाचून राहिलं नाही.

रात्री कार्मेल मातेच्या चर्चमध्ये गर्दी मावत नव्हती. मुंबईला नोकरीला गेलेली लेकरं सुट्टी काढून आली होती. म्हाताऱ्या पुढच्या बाकांवर, तरुण दारात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मराठीत झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या. तेव्हापासून कोर्लईची उपासना मराठीत रुजली. मिस्सा संपली आणि अंगणात एकमेकांना शुभेच्छा देताना ओठांवर पुन्हा ‘नौ लिंग’ आली. देवाशी मराठी, घरात आपली भाषा; दोन्हींत कुणी अडखळत नव्हतं.

धर्मग्रामाचं वर्ष कसं फिरतं, ते काकूंनी रात्री उशिरापर्यंत सांगितलं. नाताळ सरला, की राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या, उत्तम शुक्रवारी कडकडीत उपास आणि मग ईस्टरचा आनंद. १६ जुलैला कार्मेल मातेचा सण येतो, तोही ऐन आवणीत. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांची आठवण, कबरींवर मेणबत्त्या. “पाऊस आणि सण, आमचं वर्ष या दोघांवर चालतं,” काकू म्हणाल्या.

सकाळी किल्ला चढलो. वर पडकं चर्च आहे, दगडांवर पोर्तुगीज शिलालेख आहेत. तटावरून खाली एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये गावाची कौलं. वरचं दगडी चर्च फौजेच्या आधाराने उभं होतं. फौज गेली आणि छप्पर कोसळलं. खालचं चर्च गावाने आपल्या हातांनी सांभाळलं, म्हणून तिथे काल रात्री उभं राहायला जागा नव्हती. सत्ता निघून गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षं श्रद्धा टिकते, ती माणसांनी दरवर्षी ठरल्या दिवशी एकत्र यायचं ठरवल्यामुळे. हीच कोर्लईची खरी कमाई आहे.

गावच्या भाषेवर मात्र वेगळंच संकट आहे. खाडीवर पूल झाला, शाळा मराठी, नोकऱ्या शहरात. मुलांच्या तोंडी आपली भाषा कमी होत चालली आहे. अमेरिकेतल्या क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षं तिच्या अभ्यासाला दिली. आपल्या विद्यापीठांनी आणि रायगडच्या महाविद्यालयांनीही आता पुढे यावं. गावातल्या आजीआजोबांना बोलतं करावं, त्यांच्या गोष्टी, गाणी, सणांच्या रीती ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि पालीला देवदर्शनाला येणाऱ्यांनी सवड काढून कोर्लईलाही जावं. किल्ला बघून गाडीकडे पळू नये. गावात थांबावं, बोलावं. ही माणसं आपल्याच कोकणची आहेत.