जुना नंबर कुणाला द्यायचा?

घरून काम करणाऱ्या माणसाच्या ऑफिसला टेबल असतं, खुर्ची असते, झालंच तर भिंतीवर व्हाइटबोर्ड असतो. नसतं ते दार. संध्याकाळी सात वाजता कुलूप ठोकून किल्ली खिशात टाकायची सोय नाही. जे काही दार असेल ते फोनमध्ये. म्हणून अशा ऑफिसासाठी कोणता फोन घ्यावा, या प्रश्नाला मी ‘अमुक मॉडेल घ्या’ असं उत्तर देत नाही.

विषय डोक्यात आला आमच्या ताईमुळे. ताई सीए आहे. भाची झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि कोथरूडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत प्रॅक्टिस सुरू केली. आता तीनेकशे क्लायंट आहेत. दुकानदार, डॉक्टर, आमच्यासारखे आयटीवाले, पेन्शनर. आणि या सगळ्यांकडे तिचा एकच नंबर, तोही कॉलेजात असताना घेतलेला. त्याच नंबरवर बँकेचे ओटीपी, सोसायटीचे वाद, सासूबाईंचे फोन आणि रात्री दहाला “मॅडम, फक्त दोन मिनिटं.” जुलै आला की त्या दोन मिनिटांची वीस होतात.

गेल्या जुलैत शाळेतून कुठल्यातरी वेगळ्याच नंबरवरून फोन आला. ताईने अजून एक क्लायंट समजून वाजू दिला. भाचीला एकशेतीन ताप होता. शेवटी शाळेने दाजींना गाठलं आणि ते हडपसरहून ट्रॅफिक कापत पोचले. त्या रात्री ताई मला म्हणाली, “तू एवढा कम्प्युटरवाला ना? मला ऑफिसात असतो तसा फोन बसवून दे. नाहीतर मी हे बंद करते.” ती असं सहज बोलणारी नाही. म्हटलं, बघू या.

तर मंडळी, ‘ऑफिसात असतो तसा फोन’ म्हणजे ईपीएबीएक्स. बाहेरून दोन-चार लाइन, आत एक्स्टेंशन्स, आणि कॉल कुणाकडे जाणार हे ठरवणारा डबा. आज हा डबा सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो. ॲस्टेरिस्क त्याचं नाव. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने लिनक्स सपोर्ट देणारी छोटी कंपनी काढली होती. तिच्यासाठी तयार एक्स्चेंज घेणं परवडेना, म्हणून पठ्ठ्याने स्वतःच लिहिलं. पुढे त्यावर डिजियम ही कंपनी उभी राहिली आणि २०१८ मध्ये ती सँगोमाने विकत घेतली. हे सगळं रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या बोर्डावरसुद्धा चालतं. माझ्यासारख्याला शनिवार-रविवार घालवायला याहून छान खेळणं नाही.

पण ताईच्या घरी हे नको, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं. कारण साधं आहे. तीस जुलैला सकाळी अकराला ते बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? मी तेव्हा रिलीजच्या कॉलवर असणार. ज्या यंत्राचा एकमेव मेकॅनिक दुसऱ्या गावी नोकरीला आहे, ते यंत्र धंद्यात ठेवू नये. शिवाय आपल्याकडे कायद्याचंही भान ठेवावं लागतं. इंटरनेट टेलिफोनीला भारतात २००२ पासून मर्यादित परवानगी होती आणि २०१८ मध्ये ती बरीच सैल झाली, पण परवानाधारक कंपन्यांसाठी. परदेशातून नेटवर आलेला कॉल घरच्या लाइनवर उतरवून पुढे ढकलणं हा गुन्हाच आहे.

दुसरा पर्याय क्लाउड टेलिफोनीचा. कंपनी तुम्हाला एक नंबर देते. त्यावर कॉल आला की “मराठीसाठी एक दाबा”, मग तुमच्या किंवा असिस्टंटच्या मोबाइलवर रिंग. रात्री आठनंतर रेकॉर्डेड मेसेज. चार-पाच माणसांच्या ऑफिसला हे झकास आहे. ताईकडे माणसं दीड. ती पूर्ण आणि दुपारी चार तास येणारी मुलगी अर्धी. त्यात सत्तरीचे पेन्शनर आजोबा ‘एक दाबा’ ऐकून घाबरून फोन ठेवणार. आणि मुख्य म्हणजे कॉल रेकॉर्डिंग. लोक सीएला जे सांगतात ते बायकोलाही सांगत नाहीत. ते तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर का ठेवायचं? हा पर्याय घेणारच असाल तर रेकॉर्डिंग बंद करता येतं का आणि करार संपल्यावर नंबर कुणाचा, हे दोन प्रश्न आधी लेखी विचारा.

तिसरा, आपला ०२० वाला लँडलाइन. मला याचं प्रेम आहे. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट वीज यायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन जिवंत. आता लँडलाइन येतो फायबरवर, आणि भिंतीवरचा डबा घरच्या विजेवर चालतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की फोनही गेला. छोटा यूपीएस लावला तर हे सुटतं. सुटत नाही ते वेगळंच. नंबर पोर्ट करायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली, पण मोबाइलपुरती. मोबाइलचा नंबर लँडलाइनवर नेता येत नाही. म्हणजे नवा नंबर तीनशे लोकांना कळवणं आलं.

चौथा पर्याय सगळे सुचवतात. ड्युअल सिम. एक सिम घरचं, एक कामाचं, खिशात फोन एकच. पण बऱ्याच ड्युअल सिम फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असतं. क्लायंटशी वीस मिनिटं बोलणं चाललंय तेवढ्यात शाळेने फोन केला तर? म्हणजे जो प्रश्न सोडवायचा तोच परत.

इथे मी फोनचा विचार सोडला आणि नंबरचा सुरू केला. नवा नंबर घ्यायचा हे नक्की. पण तो कुणाला द्यायचा? सगळे सहज म्हणतात, नवा नंबर धंद्याचा. उलट करून बघा. तीनशे क्लायंट नवा नंबर सेव्ह करणार नाहीत. कितीही मेसेज पाठवा, ते जुन्यावरच फोन करणार. घरचे लोक मोजून तीस. शाळा, दाजी, दोन्हीकडचे आईबाबा, डॉक्टर, दोन मैत्रिणी. ते एका संध्याकाळीत बदलतात. म्हणून जुना नंबर धंद्याला देऊन टाकायचा आणि नवा घराला.

त्रास होतोच. बँक, आधार, डीमॅट, इन्कम टॅक्स पोर्टल, सगळीकडे नंबर बदलायला ताईचे दोन-तीन शनिवार गेले. पण कामाचा फोन उद्या असिस्टंटच्या हातात द्यायचा असेल तर त्यावर आपल्या बँकेचा ओटीपी येता कामा नये. या एका कारणासाठीसुद्धा हा त्रास वसूल आहे.

जुनं सिम एका साध्या, स्वस्त स्मार्टफोनमध्ये गेलं. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, जे २०१८ पासून फुकट मिळतं. जुनंच खातं त्यात हलवता येतं आणि कामाच्या वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं: ‘उद्या सकाळी दहाला बोलू.’ फोन टेबलावर राहतो, खोलीबाहेर येत नाही. दुपारी असिस्टंट उचलते. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो. आठ वाजता बंद. एवढीच काय ती ‘सिस्टीम’.

फुकट मात्र काहीच नसतं. दोन क्लायंट “मॅडम आता भेटत नाहीत” म्हणून दुसरीकडे गेले. त्यातला एक दुकानदार चांगली फी देणारा होता. ताईने दोन दिवस मनाला लावून घेतलं, मग म्हणाली, “जाऊ दे. तो मला रात्रीच्या दहासाठीच पैसे देत होता.” प्रॅक्टिस बंद करायचं नाव तिने त्यानंतर काढलेलं नाही.

सांगायचा मुद्दा असा, तुम्हीही घरून काही सुरू करत असाल तर फोनच्या ऑफर बघण्याआधी कागद घ्या. कोण फोन करतं, केव्हा करतं, आणि कुणाचा फोन कधीच चुकता कामा नये, हे लिहून काढा. शेवटच्या यादीत चार-पाचच नावं निघतील. नवा नंबर त्यांचा. बाकी यंत्रं काय, बाजारात ढिगाने आहेत.