ग्वाल्हेरचं आकाश आणि उलटी प्रदक्षिणा

ग्वाल्हेर म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला आधी गाणं आठवतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली आणि ती मिरज-इचलकरंजीच्या मातीत रुजली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्याला नाव पडलं, त्या लष्कर भागात आजही मराठी घरं आहेत, दत्ताचं देऊळ आहे. प्रवासही तसा सोपा. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी करत गाडी न बदलता ग्वाल्हेर.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. शहरापासून सुमारे 100 मीटर उंच उभा असलेला किल्ला, मानमंदिराच्या भिंतींवरच्या निळ्या फरशा, तानसेनाची समाधी, फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहायला तर मुलं हट्टच धरतात. पण किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की नजर खालच्या शहराकडे न जाता बऱ्याचदा वर जाते. ईशान्येला महाराजपूरचा हवाई दलाचा तळ आहे. मिराज विमानांचा हा तळ. त्यांचा गडगडाट ग्वाल्हेरकरांच्या कानाला सवयीचा झालेला आहे.

बेळगावकरांना मात्र हे आकाश पाहताना एक दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. 28 जानेवारी 2023. त्या सकाळी याच तळावरून एक सुखोई-30 आणि एक मिराज 2000 सरावासाठी उडाली आणि हवेत अपघात होऊन दोन्ही कोसळली. मिराजचे अवशेष मुरैना जिल्ह्यात पहाडगडजवळ पडले, सुखोईचे काही थेट राजस्थानात भरतपूरकडे. सुखोईतले दोघे वैमानिक बाहेर पडू शकले. मिराजमध्ये एकटे असलेले विंग कमांडर हनुमंतराव सारथी हुतात्मा झाले. ते आपल्या बेळगावच्या गणेशपूरचे. त्यांच्या अंत्यदर्शनाला गाव लोटला होता.

छोट्या विमानाचं दुःखही ग्वाल्हेरला नवं नाही. 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले असताना उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ त्यांचं विमान कोसळलं आणि आठही जण गेले. अंत्यसंस्कार ग्वाल्हेरलाच झाले.

महाराजपूरला टॉवर आहे, रडार आहे. 10 मार्च 2024 रोजी प्रवाशांसाठी राजमाता विजयाराजे शिंदे विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. पण जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात बिनटॉवरच्या धावपट्ट्याही आहेत. शिवपुरीला आहे, मुंबई-आग्रा रस्त्यावर गुना इथे आहे. गुन्याच्या पट्टीवर वैमानिक घडवणारी शाळा चालते. 11 ऑगस्ट 2024 रोजी तिथे एक सेस्ना 152 कोसळलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार ते विमान बेळगावच्या प्रशिक्षण संस्थेचं होतं आणि देखभाल-चाचणीसाठी तिकडे नेलेलं होतं. दोघे वैमानिक जखमी झाले, जीव मात्र वाचले. म्हणजे गुन्याच्या शेतांवर घिरट्या घालणारं विमान नि आपल्या सांबऱ्याचं विमान, दोन्ही एकाच घरची लेकरं.

मग प्रश्न पडतो की, जिथे "आता तू उतर, तू थांब" असं सांगणारा टॉवर नसतो, तिथे विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

उलटी प्रदक्षिणा

उत्तर साधं आहे. सगळे एकच वाट चालतात. वैमानिक त्याला 'सर्किट' म्हणतात. देवळाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला राहतो. इथे उलटं. धावपट्टी डाव्या हाताला ठेवायची आणि सगळी वळणं डावीकडे घ्यायची, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला पट्टी त्याच बाजूने नीट दिसते. एखाद्या पट्टीला डोंगर किंवा वस्तीमुळे उजवी फेरी ठरवून दिलेली असते, पण सर्वसाधारण नियम डावाच.

उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर. मग डावं वळण, पुन्हा डावं वळण, आणि जमिनीपासून साधारण 1000 फुटांवर पट्टीला समांतर उलट्या दिशेने जायचं. याला 'डाउनविंड' म्हणतात. पट्टीचं टोक मागे पडलं की डावीकडे वळून 'बेस', आणि शेवटचं वळण घेऊन पट्टीच्या सरळ रेषेत 'फायनल'. वारा कुठून येतो ते पट्टीशेजारचं कापडी वाऱ्याचं नळकांडं सांगतं. बाहेरून येणाऱ्याने मध्येच घुसायचं नाही. वरून पट्टी, वारा आणि फेरीतली विमानं पाहून मग रांगेत यायचं. जत्रेत रथापुढची रांग मोडणाऱ्याला जसं सगळे ओरडतात, तसंच हे.

दुसरा नियम बोलण्याचा. प्रत्येक टप्प्यावर रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मी कोण, कुठे आहे, काय करणार आहे. उत्तर देणारा कोणी अधिकारी नसतो. ऐकणारे असतात ते तुमच्यासारखेच वैमानिक.

तिसरा नियम पाहण्याचा, आणि खरा जीव वाचवणारा तोच. सेस्नासारख्या विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे वरचं दिसत नाही. ज्यांचे पंख खाली त्यांना खालचं दिसत नाही. फायनलवर एक वर आणि एक खाली अशी दोन विमानं आली तर दोघंही निर्धास्त असतात आणि अंतर कमी होत जातं. म्हणून वळण्याआधी पंख किंचित उचलून त्या बाजूला पाहायची सवय शिकाऊ मुलांना लावतात. शेवटचं वळण चुकलं तर विमान जबरदस्तीने तिरपं करून पट्टीवर ओढायचं नाही, कारण कमी वेगात तसं केलं की ते गिरकी घेऊन खाली येतं. सरळ वर जाऊन पुन्हा फेरी घालायची. त्यात कसली नामुष्की?

बोलणं किती फसवं असू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या क्विन्सी गावचं आहे. 19 नोव्हेंबर 1996 रोजी तिथल्या बिनटॉवरच्या विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होतं आणि एकमेकांना छेदणाऱ्या दुसऱ्या पट्टीवर एक किंग एअर उड्डाणाच्या तयारीत होतं. उतरणाऱ्यांनी रेडिओवर विचारलं, तुम्ही थांबणार ना? उत्तर आलं, पण ते किंग एअरचं नव्हतं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाचं होतं. पट्टी मोकळी आहे असं समजून ते उतरले. दोन्ही विमानांतले मिळून 14 जण गेले. आवाज ऐकला, पण तो कोणाचा याची खात्री झाली नाही, एवढीच फट पडली होती.

सरळ घुसण्याचं उदाहरणही अमेरिकेतलंच. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे 18 ऑगस्ट 2022 रोजी एक वेगवान दोन इंजिनांचं विमान फेरी न घालता सरळ फायनलवर आलं आणि फेरीतल्या छोट्या सेस्नाला धडकलं. तिघं गेले. दोन्ही विमानं रेडिओवर बोलत होती.

आपल्या घरची गोष्ट

महाराष्ट्राला हा विषय नीट कळला तो 28 जानेवारी 2026 रोजी. तारीखही तीच, हनुमंतरावांची. बारामतीला उतरताना लिअरजेट कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवारांसह पाचही जणांचा मृत्यू झाला. तेव्हा बारामतीला नियमित नियंत्रण व्यवस्था नव्हती. तिथल्या फ्लाइंग स्कूलचे प्रशिक्षक आणि वैमानिकच येणाऱ्यांना माहिती देत. पहिल्या खेपेला पट्टी दिसली नाही म्हणून विमान वर गेलं, दुसऱ्या खेपेला पट्टीच्या तोंडाशी कोसळलं. मंत्रालयाने दृश्यमानता सुमारे 3000 मीटर असल्याचं सांगितलं होतं. केवळ नजरेच्या भरवशावर उडायचं तर 5 किलोमीटर लागते. टॉवर नसतो तिथे बहुधा हवामान मोजणारी पक्की यंत्रणाही नसते, हे लोकांना त्या दिवशी समजलं.

आज बेळगाव, बारामती, कलबुर्गी, गुना अशा ठिकाणी आपल्या घरांतली मुलंमुली लाखो रुपये भरून उडायला शिकतात. 30 मे 2023 रोजी सांबऱ्याजवळ होनिहाळच्या शेतात शिकाऊ विमान उतरवावं लागलं, तेव्हा घरोघरी काळजाचा ठोका चुकला होता. फी आणि वसतिगृह विचारताना आईवडिलांनी आणखी चार प्रश्न विचारावेत. पट्टीवर टॉवर आहे का? नसेल तर रेडिओवर कोण बसतं, त्याचं काम काय? एका वेळी फेरीत किती विमानं सोडता? धुकं असेल तर उड्डाण थांबवायचा अधिकार कोणाला, आणि तो वापरल्याबद्दल मुलाला कोणी बोल लावतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐकावं. वर गेलेल्या मुलाला "आज नको" म्हणायची मोकळीक असेल, तर बिनटॉवरच्या पट्टीवरही शहाणा माणूस हजर आहे असं समजावं.

ग्वाल्हेरला जाल तेव्हा तानसेनाला नमस्कार कराच. किल्ल्यावर चढलात आणि वरून मिराज गेलं, तर गणेशपूरच्या त्या वैमानिकालाही एक नमस्कार करा.