बाहेर पडणारा नेमका कोण?

फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला वर्तमान धातुसाधित आरंभी फारच सोपे वाटते. ‘नू पार्लों’ (आम्ही बोलतो) या रूपातील ‘ओं’ काढून ‘आं’ लावला, की ‘पार्लां’ सिद्ध होते. तसेच ‘फिनिसों’वरून ‘फिनिसां’. अपवाद अवघे तीन : ‘असणे’चे ‘एतां’, ‘जवळ असणे’चे ‘एयां’ आणि ‘जाणणे’चे ‘साशां’. अडचण सुरू होते ती रूप सिद्ध झाल्यावर, वाक्यात ते कोणाशी जोडायचे हे ठरवताना.

‘सिनेमागृहातून बाहेर पडताना त्याला पॉल दिसला’, असे मराठीत सहज म्हटले जाते. बाहेर कोण पडत होते? पाहणारा, की पॉल? मराठीचे ‘-ताना’ हे संदर्भावर सोपवून मोकळे होते. अशाच वाक्यात फ्रेंचमध्ये पॉलनंतर नुसते ‘सॉर्तां’ आले, तर बाहेर पडणारा पॉल. त्याच्याआधी ‘आं’ हे अव्यय येऊन ‘आं सॉर्तां’ झाले, तर पाहणारा. एका अक्षराने कर्ता बदलतो.

दुसरा भेद क्रिया आणि गुण यांतला. ‘मुलांना रमवणाऱ्या गोष्टी’ म्हणताना क्रिया चालू असते, म्हणून रूप ‘आम्यूझां’ असे अविकारीच राहते. ‘रंजक गोष्टी’ म्हणताना तिचा गुण झालेला असतो, म्हणून ते विशेषण होऊन लिंगवचनानुसार बदलते आणि ‘आम्यूझांत’ असे ऐकू येते. धातुसाधिताला विकार होऊ नये, हा निर्णय फ्रेंच अकादमीने १६७९ साली दिला. ‘हक्कदार’ या अर्थाच्या ‘एयां-द्र्वा’ या कायद्यातील शब्दाने मात्र जुने अनेकवचन लेखनात अजून जपले आहे.

या बाबी केवळ व्याकरणाच्या पुस्तकापुरत्या नाहीत. फ्लोबेरच्या शैलीवरील १९२० सालच्या निबंधात प्रूस्तने, वस्तूंकडे पाहण्याची आपली दृष्टी ज्या प्रयोगांनी पालटली त्यांत फ्लोबेरच्या वर्तमान धातुसाधिताची गणना केली आहे. असे गद्य मराठीत आणताना प्रत्येक धातुसाधित फोडून ‘आणि’ने जोडलेली दोन वाक्ये केली, तर घटना उरतात, त्या एकमेकींत कशा मिसळत होत्या, हे हरवते. ‘-त’, ‘-ताना’, ‘-णारा’, ‘-ऊन’ अशी सामग्री मराठीजवळ आहे. तिच्यातील संदिग्धता हे वैगुण्य नव्हे. मात्र मूळ लेखकाने जिथे कर्ता निश्चित केला आहे, तिथे ती अनवधानाने शिरता कामा नये. बाहेर कोण पडत होते, हे अनुवादकाला तरी ठाऊक असले पाहिजे.