फोन एकदाच, रिचार्ज तेरा वेळा

गेले दोन महिने आमच्या घरी एकच चर्चा चालू आहे: अण्णांना स्मार्टफोन घ्यायचा की नाही? आणि घ्यायचाच तर फोरजीवर भागवायचं की फाइव्हजीवर जायचं?

घर म्हणजे डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. (पुण्यात ऑफिसमध्ये कुणी विचारलं की मी सरळ ‘नांदेडजवळ’ म्हणून मोकळा होतो.) अण्णांकडे बटणांचा फोन आहे. केळीच्या बागेत चिखलात पडला तरी धोतराला पुसला की चालू. "बोलता येतंय, ऐकू येतंय, अजून काय पाहिजे?" हा त्यांचा मुद्दा. धाकट्या बहिणीचा मुद्दा असा की घेतोच आहेस तर फाइव्हजी घे.

आपण पडलो इंजिनिअर. एक्सेल उघडलं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला, तेव्हा आठ जीबीचा फोन ३१ हजारांना होता. अमेरिकेत तोच १९९ डॉलरला! तो तिकडे स्वस्त होता असं नाही. दोन वर्षांचा करार करून कंपनी बाकीचे पैसे बिलातून काढून घ्यायची. आपल्याकडे फोन वेगळा, सिम वेगळं. त्यामुळे दुकानात आपण पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो आणि रिचार्जची बेरीज कधी मांडतच नाही.

ती मांडू. सोपं जावं म्हणून एकाच कंपनीचे, जिओचे, जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे दर धरतो. पॅक २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ झाला. वर्षाचे ३,८८७ रुपये. खरी मेख पुढे आहे. आधी २३९ मध्येच अमर्याद फाइव्हजी मिळायचं. दरवाढीनंतर ते रोज दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकलाच राहिलं. म्हणजे ३४९ रुपये, वर्षाचे ४,५३७.

आणि बटणांचा फोन? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यानंतर आलेला ८४ दिवसांचा पॅक ४४८ चा, म्हणजे वर्षाला साधारण १,९५०.

चार वर्षांचं गणित केलं तर बटणं ७,८००, फोरजी १५,५४८, फाइव्हजी १८,१४८. यात फोनची किंमत धरलेलीच नाही!

मग अण्णांना यातून मिळणार काय? केळीचा भाव व्हॉट्सअॅपवर, आईला नातीचा व्हिडिओ कॉल, यूपीआय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ई-पीक पाहणी. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो अॅपवर टाकायचा असतो. ती नोंद नसली तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण. सध्या दर हंगामात अण्णा शेजारच्या पोराला बांधावर घेऊन जातात आणि आपल्या फोनवर आलेला ओटीपी त्याला मोठ्यांदा वाचून दाखवतात. पोरगं चांगलं आहे. पण आपल्याच शेताची नोंद करायला साठीच्या माणसाने दुसऱ्याच्या सवडीची वाट बघायची, हे मला खटकतं. आणि ओटीपी वाचून दाखवायची सवय तर फारच वाईट.

म्हणजे बटणांकडून फोरजीकडे जाण्यात वर्षाला १,९०० च्या आसपास जास्त जातात, ते वसूल आहेत. फोरजीवरून फाइव्हजीच्या पॅकवर जायचे ६५० मात्र नाहीत. वरच्या कामांपैकी एकही फोरजीवर अडत नाही. हँडसेट फाइव्हजीचा घेतला तरी हरकत नाही, त्यात दीड जीबीचा पॅक बिनधास्त चालतो. फक्त रिचार्ज ८४ दिवसांचा, ७९९ चा मारायचा. वर्षाचे चारशे तिथेच वाचतात.

हे सगळं मी अण्णांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "बैल घेणं सोपं असतंय बाबा, रोजची वैरण कोण घालणार ते बोल." माझं अख्खं एक्सेल एका वाक्यात! :)

मी म्हटलं, वैरण मी घालतो. ते चालेना. शेवटी तडजोड झाली: फोन माझा, पहिलं वर्ष रिचार्ज माझा, पुढचा केळीच्या पैशातून त्यांचा. परवडला नाही तर फोन कपाटात आणि बटणं परत खिशात. अट त्यांची आहे, आणि मला ती मान्य आहे.