पालीच्या किनारी अकलूजची द्राक्षे

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची वाट धरलीत, की पाली लागते: किनाऱ्यावरच्या होड्या, बांबूंवर वाळणारे बोंबील, वळणावरचा क्रूस. नाताळात येथील ख्रिस्ती घरांत पाहुण्यापुढे वाइनचा छोटा पेला येतो.

तांबडी वाइन नाशिकचीच हवी असे नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात सांजोव्हेसे ही मूळची इटलीची द्राक्षे रुजली आहेत. लाकडी पिंपात मुरवल्याचा खर्च किमतीत चढतो. म्हणून तेथील साधी, ताजी बाटली निवडावी. दोघांना ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली पुरे. उघडलेली वाइन शीतकपाटातही तीन-चार दिवसांत उतरते.

मात्र हृदयाला हितकर म्हणून ती घेऊ नये. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वॉरफरिन, झोपेच्या वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांबाबत सणापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. त्यांनी नको म्हटले, तर आजी-आजोबांच्या पेल्यात बिनसाखरेचे कोकम ओतावे. रंग तांबडाच राहतो आणि पंगतीतली त्यांची जागाही.