बाळूला कोणत्या टोकाने द्यावे

धारवाडचा पाऊस एकदा बसला म्हणजे सरकारी मुक्कामासारखा लवकर हलत नाही, आणि अशा दिवसांत क्रिकेटचा नाद असलेल्या दोन पेन्शनरांनी वादाखेरीज दुसरे काय करावे? साधनकेरीच्या बाजूस राहणाऱ्या माझ्या कन्नड स्नेह्यांकडे मी निथळत्या छत्रीनिशी पोचलो, त्यांनी रिवाजाप्रमाणे 'बर्री, कूड्री' म्हणून खुर्ची पुढे केली, आणि चहा येण्यापूर्वीच प्रश्न निघाला की, कर्नाटकाच्या आजच्या रणजी संघात गतकाळातील एकच खेळाडू परत आणण्याची मुभा मिळाली, तर कोणास आणावे.

चौथ्या दिवशी निर्जीव खेळपट्टीवर ठाण मांडून बसलेल्या फलंदाजास मोहात पाडणारा संथ गोलंदाज हवा, येथवर आमचे एकमत होते. ज्यांच्या फिरकीच्या बळावर 1973-74 साली मुंबईची सलग पंधरा अजिंक्यपदांची सद्दी संपली, त्या प्रसन्ना-चंद्रशेखरांचे नाव मी घेईन असे स्नेह्यांना वाटले असावे. त्यांचे स्वतःचे माप मात्र सुनील जोशींच्या पदरात पडले. गदगहून सरावासाठी हुबळीला येणारा हा डावखुरा मुलगा पुढे 1999 साली नैरोबीस दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा षटकांत सहा धावा देऊन पाच बळी घेता झाला, हे त्यांनी असे सांगितले की जणू ती षटके त्यांच्याच अंगणात पडली होती.

मी म्हणालो, 'मला बाळू पालवणकर द्या.'

स्नेह्यांनी तत्काळ हरकत नोंदवली. बाळू कर्नाटकाकडून खेळला केव्हा? पुणे त्याचे, मुंबई त्याची, आडनाव तर कोकणातल्या पालवणचे! मी उत्तर दिले की, 1876 च्या सुमारास त्याचा जन्म धारवाडात झाला, आणि हा जिल्हाच 1956 पर्यंत मुंबईच्या अमलात असल्यामुळे वहिवाट तिकडची निघाली तरी मूळ दाखला इथलाच राहतो. मामलेदार कचेरीत असले दावे नित्य निकालात निघतात.

मग त्यांनी खरा मुद्दा काढला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात संघ सामन्यामागून सामना हरत असता बाळूने 114 बळी मिळवले, हे मान्य. परंतु त्या काळच्या उघड्या, पावसात भिजणाऱ्या खेळपट्ट्या आज कोठे आहेत? आच्छादनाखाली जपलेल्या जमिनीवर त्या आकड्याचे निम्मे तरी उरतील काय? हरकत रास्त होती, आणि आकड्यापुरती मी ती मानलीही.

तथापि मला हवा असलेला बाळू आकड्यांतला नाही. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर जाळ्या लावणारा, रोलर ओढणारा आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करणारा जो तरुण होता, ज्याच्या हाती बॅट क्वचितच दिली जाई, तो मला हवा आहे. ग्रेग हा तेथला उत्तम फलंदाज. त्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे मिळत, असे सांगतात. एकच निष्णात फलंदाज दिवसेंदिवस समोर उभा राहतो, त्याच्या पावलाची प्रत्येक लकब अंगवळणी पडते, आणि त्याला नवे काही दाखवल्यावाचून तो फसत नाही. अशा अवस्थेत वेग, उंची आणि टप्पा यांचे जे सूक्ष्म फेरफार हातात उतरतात, त्यांना खेळपट्टीच्या ओलाव्याची गरज फारशी उरत नाही. ही तालीम चाकरीतून मिळाली म्हणून मी तिचे कौतुक करीत बसणार नाही. ज्या हिंदू सहखेळाडूंसाठी तो बळी मिळवी, त्यांचा चहा मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून होई आणि चर्मकार बाळूचा बाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यातून. 1906 साली मुंबईत युरोपियनांना 109 धावांनी हरवणाऱ्या हिंदू संघात तो होता. संघाची धुरा मात्र हक्काने त्याच्या हाती कधी आली नाही, ती आली 1923 साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे.

स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. चहा आला, दोघांचे पेले एकाच संचातले होते, एकाचा कान तुटका. त्यांनी औषधाच्या बिलामागे अकरा नावे मांडली, जोशींना ठेवले, बाळूस घातले, आणि दोन डावखुरे संथ गोलंदाज एकाच संघात असू नयेत हा स्वतःचाच जुना सिद्धांत बिनतक्रार रद्द केला. बाळूच्या नावापुढे कप्तानाची खूणही माझ्याकडे न पाहता केली.

आता हुबळीत राजनगरच्या मैदानावर बाळूला कोणत्या टोकाने द्यावे, हा प्रश्न उरला. मी पश्चिमेच्या वाऱ्याचा हवाला दिला. स्नेही म्हणाले, 'अहो, तो पावसाळ्यातला वारा. रणजीच्या मोसमात वारा पूर्वेचा.' त्यावर माझे म्हणणे असे पडले की, पूर्वेचा वारा सकाळचा, आणि चौथ्या दिवशीचा प्रसंग दुपारनंतरचा. दिवे लागले तरी निकाल लागला नव्हता, आणि बाहेर पाऊस तसाच होता.